नवरा पंधरा दिवसांसाठी घरी येतो तेव्हा



धान चुरून झाले की चिचगडच्या आजूबाजूची तरणी माणसे कामाला बाहेर पडतात. कोणी नागपूर, कोणी हैदराबाद. घरी बायको, म्हातारी सासू आणि लेकरे. मध्येच एखाद्या लग्नाला आठ-पंधरा दिवस येतात, नाहीतर थेट रोवणीलाच. मजुरी आधीही होती, पण तेव्हा नवरा-बायको एकाच बांधीत राबत. आता कितीतरी महिने दोघांची भेट मोबाईलवरच.

आरोग्याच्या पानावर हे कशाला, असे कोणी विचारेल. मी नर्स होते तेव्हा दरवर्षी पाहायचे. माणसे येऊन गेली की दोन महिन्यांनी बाया दवाखान्यात येत, "सिस्टर, पाळी चुकली." नवरा घरी नाही म्हणून गोळ्या बंद केलेल्या, आणि तो अचानक आलेला. एका बाळंतपणातून अंग सावरायच्या आत दुसरे आले की बाईच्या अंगात रक्त उरत नाही.

म्हणून बहिणींनो, तो गावी नाही म्हणून साधन सोडू नका. अंतरा इंजेक्शन तीन महिन्यांतून एकदा घ्यायचे असते. छाया गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर आठवड्यातून एकदा. दोन्ही सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. छाया पाळीच्या पहिल्या दिवशी सुरू करावी लागते, त्यामुळे नवऱ्याचा फोन आल्यावर धावाधाव करून उपयोग नाही. अंतराने पाळी पुढे-मागे होते, कधी थांबते. घाबरू नका, पण नर्सताईला सांगा. आणि भावांनो, निरोध आशाताईकडे मिळतो. तो मागायची लाज बायकोने का वाहावी?

नवरा घरी असतो त्या दिवसांतच दोघांची सिकलसेल तपासणी करून घ्या. आपल्या भागात हा आजार आहे. आई-बाप दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. एकट्या बायकोचे रक्त तपासून अर्धेच कळते. त्याला दोन आठवड्यांपासून खोकला असेल तर थुंकीही तपासा. एचआयव्हीची तपासणीही फुकट होते आणि गुप्त ठेवतात.

जे बारा महिने एका छपराखाली राहतात, त्यांचे तरी काय? २०२४ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायांचे दिवसाला २८९ मिनिटे बिनपगारी घरकामात जातात असे आढळले. पुरुषांपैकी जे घरकाम करतात, त्यांची ८८ मिनिटे. बाई भांडी घासून येते तेव्हा तो मोबाईल छातीवर ठेवून घोरत असतो. मग पांढरे जाते, छातीत धडधडते, हे सांगायचे कोणाला? बाई ते अंगावरच काढते. माझ्या रात्रपाळीच्या वर्षांत आम्ही दोघेही उंबऱ्यावरच भेटायचो, तो निघताना आणि मी येताना. त्याची शुगर वाढल्याचे मला, नर्स असून, फार उशिरा कळले.

बाबासाहेब १९१३ मध्ये अमेरिकेला गेले, १९२० मध्ये पुन्हा लंडनला. रमाईने ती वर्षे कशी काढली ते आपल्याला ठाऊक आहे. दीर्घ आजारपणानंतर २७ मे १९३५ रोजी त्या गेल्या. त्यांच्या त्यागाची गाणी आपण म्हणतो, पण आपल्या सुनेने दुखणे लपवले तर तिलाही सोशिक म्हणून नावाजतो. हे मला पटत नाही. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनीच सांगितले होते की बायकोने नवऱ्याची मैत्रीण व्हावे, बरोबरीने उभे राहावे, दासी होऊ नये.

विहारात हे बोलले तेव्हा एक सून म्हणाली, "ताई, घर एका खोलीचे. सासू तिथेच, पोरे तिथेच. बोलायचे कुठे?" मी म्हटले, तपासणीला दोघे मिळून पायी या, वाटेत बोला. पुढच्या आठवड्यात आले दोघे. तो पुढे, ती वीस पावले मागे. परत जाताना मात्र औषधाची पिशवी त्याच्या हातात होती आणि ती त्याला काहीतरी सांगत होती.