पाहुण्याचे नाव करारात नसते

रमजान सुरू झाला की मुस्लिम घरांत माणसांची ये-जा वाढते. गावाकडून अम्मी येते, कारण नोकरी करणाऱ्या सुनेला सहरीच्या वेळी कुणीतरी हाताशी हवे असते. शेवटच्या दहा दिवसांत बहीण मुलांना घेऊन येते आणि ईद करूनच परतते. तरावीहमध्ये कुरआन ऐकवायला परगावाहून आलेल्या हाफिजसाहेबांच्या मुक्कामाची सोय मोहल्ल्यातल्या कुणाच्या तरी घरी होते. घर स्वतःचे असेल तर या वर्दळीला आपण बरकत म्हणतो. घर भाड्याचे असेल तर कधी कधी तिसऱ्या-चौथ्या दिवशी फोन येतो, "तुमच्याकडे कोण राहायला आलंय? करारात त्यांचं नाव नाही. उद्यापर्यंत पाठवून द्या."

अशा वेळी बरेच जण वाद घालत नाहीत. मुस्लिम नाव सांगितल्यावर शहरात घर मिळायला किती दारे ठोठवावी लागतात हे ज्याने अनुभवले आहे, तो मिळालेले घर धोक्यात घालायला धजत नाही. मग अम्मीला काहीतरी कारण सांगून एसटीत बसवून दिले जाते. खरे कारण तिला कळतेच. ती फक्त बोलत नाही.

घरमालकाला असा हुकूम देता येतो का? याचे उत्तर आपण सही केलेल्या कागदात असते, आणि तो कागद आपण सहसा वाचलेला नसतो.

पाहुणा म्हणजे पोटभाडेकरू नव्हे

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १६ मध्ये घरमालक कोणत्या कारणांसाठी जागा परत मागू शकतो ते दिले आहे. बेकायदा पोटभाडेकरू ठेवणे हे त्यातले एक, शेजाऱ्यांना उपद्रव देणे हे दुसरे. पाहुण्यावरून वाद झाला की यातल्या पहिल्या कारणाची भीती घातली जाते. पण पोटभाडेकरू म्हणजे काय, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेक निकालांत स्पष्ट केले आहे. भाडेकरूने जागेवरचा आपला ताबा सोडून तो दुसऱ्याच्या हाती दिला पाहिजे आणि त्याचा मोबदला घेतला पाहिजे. मुलाच्या घरी पंधरा दिवस राहून त्याच्याच स्वयंपाकघरात भजी तळणारी आई या व्याख्येत बसत नाही.

मात्र इथे एक मेख आहे. आपल्यापैकी बहुतेकांचा करार अकरा महिन्यांच्या 'लिव्ह अँड लायसन्स'चा असतो. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानुसार हे लायसन्स म्हणजे जागा वापरण्याची परवानगी. तिने जागेत हक्क निर्माण होत नाही, म्हणून जुन्या भाडेकरूला असलेले संरक्षण लायसन्सवर राहणाऱ्याला मिळत नाही. तरीही तो अगदीच वाऱ्यावर नसतो. परवानगी काढून घेतली तरी घर सोडायला वाजवी मुदत द्यावी लागते. पैसे भरून राहणाऱ्याला त्याची चूक नसताना मुदतीआधी बाहेर काढले, तर तो नुकसानभरपाई मागू शकतो. मुदत संपल्यावरही माणूस गेला नाही तर मालकाने सामान रस्त्यावर फेकायचे नसते. भाडे कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा असतो.

याच कलमात आपल्या कामाची आणखी एक गोष्ट आहे. या अर्जाच्या सुनावणीत लेखी करारात जे नमूद आहे, तो निर्णायक पुरावा मानला जातो. म्हणजे 'मालकाच्या लेखी परवानगीशिवाय सात दिवसांहून अधिक पाहुणा ठेवणार नाही' असे वाक्य कागदात असेल आणि खाली आपली सही असेल, तर नंतर तक्रार करून उपयोग नाही. पण असे वाक्य नसेल, तर अकरा महिन्यांच्या मध्यावर मालकाला एका फोनने नवी अट घालता येत नाही. 'फक्त कुटुंबीयांनी राहावे' एवढेच लिहिलेले असेल तर मात्र राहणे कशाला म्हणायचे आणि भेटीला येणे कशाला, यावर वाद होऊ शकतो. तो टाळायचा असेल तर सहीपूर्वीच स्पष्ट लिहून घ्यावे.

करार नोंदवलेलाच नसेल तर? कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवणे बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. त्यात कसूर झाल्यास ३ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. असा करार नसेल, तर अटींबद्दल भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ते खोटे आहे हे सिद्ध करणे मालकावर येते.

दीन काय सांगतो?

प्रेषित मुहम्मद (स.) मक्केहून मदिनेला आले तेव्हा हजरत अबू अय्यूब अन्सारी (रजि.) यांच्या घरी काही महिने राहिले. यजमानाने आदराने वरचा मजला देऊ केला, पण प्रेषितांनी (स.) खालचाच पसंत केला, कारण भेटायला येणाऱ्यांना तो सोयीचा होता. स्वतः दुसऱ्याच्या घरी उतरलेले असताना त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्यांचा विचार केला.

पाहुण्याचा मान राखणे हा इमानचा भाग आहे, असे हदीस सांगते. पण तीच शिकवण पाहुण्यालाही मर्यादा घालते. पाहुणचार तीन दिवसांचा, त्यापुढचे यजमानाचे औदार्य. आणि यजमान अडचणीत येईल इतके पाहुण्याने राहू नये. दुसऱ्याच्या घरात परवानगीशिवाय शिरू नका, हे सूरह नूरमध्ये आहे. केलेले करार पाळा, ही आज्ञा सूरह माइदाच्या पहिल्याच आयतीत आहे. म्हणून सही करायची आणि मग 'आमच्यात असंच असतं' म्हणायचे, हेही बरोबर नाही.

मालकाची काळजी प्रत्येक वेळी खोटी नसते. दोघांना दिलेल्या घरात आठ जण कायमचे राहू लागल्याची उदाहरणे आहेत. पाण्याची टाकी रिकामी होते, पहाटे तीनला जिन्यात मोठ्याने बोलणे होते, भाडेकरूची माहिती पोलिसांना दिलेली असल्याने नवा चेहरा दिसला की मालक घाबरतो. ही भीती साध्या गोष्टींनी कमी होते. पाहुणा येण्याआधी मालकाला मेसेज करावा: कोण येणार, नाते काय, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत. ओळखपत्राची प्रत मागितली तर द्यावी. हाच मेसेज पुढे वाद झाला तर आपला पुरावा ठरतो. आणि करार करताना एक ओळ जरूर घालून घ्यावी: 'आई-वडील, भावंडे व जवळचे नातेवाईक मालकाला कळवून वर्षातून इतके दिवस पाहुणे म्हणून राहू शकतील.' आकडा दोघांनी ठरवावा. एजंट 'छापील मजकूर बदलत नाही' म्हणेल. तो बदलता येतो. वाद मिटतच नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. तिथे महिलांना आणि कमी उत्पन्न असलेल्यांना मोफत कायदेशीर मदत मिळते.

शेवटी एक गोष्ट आपल्याच लोकांसाठी. घरमालक आपल्यातही आहेत. कोंढव्यात, मुंब्र्यात, भिवंडीत भाड्याने दिलेल्या खोल्यांचे मालक रोजे ठेवतात, जकात काढतात, इफ्तारीची ताटे मशिदीत पाठवतात. त्यांच्याही दाराशी परगावचा भाडेकरू बिचकत उभा असतो, कारण गावाहून अब्बा येणार आहेत आणि विचारायचे कसे हे त्याला कळत नाही. त्याने विचारण्याची वाट पाहू नये. या रमजानमध्ये आपणच त्याला सांगावे की अब्बांना बोलाव, ईद करूनच जाऊ दे.