सोमवारचं जेवण मागा

मालवण-तारकर्लीची सहल ठरते, व्हॉट्सॲपवर ग्रुप निघतो, त्याला 'मिशन सुरमई' असं काहीतरी नाव मिळतं, आणि दोन दिवसांनी कुणाच्या तरी लक्षात येतं की दहा जणांत एक जण शाकाहारी आहे. कुणाची नवी वहिनी, कुणाचा ऑफिसातला मित्र, कुणाचे निवृत्त काका. मग दोन मतं पडतात. एक : "अरेरे, बिचाऱ्याचे हाल होणार." दुसरं : "त्यात काय, पनीर हल्ली सगळीकडे मिळतं." दोन्ही चूक आहेत. समुद्रकाठच्या घरांत मासळीशिवाय काही शिजतच नाही, हा एकच समज दोन्हींच्या मुळाशी आहे.

प्रत्यक्षात मासे खाणारी कोकणी घरंही वर्षातले कितीतरी दिवस माशांना हात लावत नाहीत. सोमवार शंकराचा. कुणी गुरुवार पाळतं, कुणी शनिवार. संकष्टी आणि एकादशी वेगळ्या. श्रावण बऱ्याच घरांत पुरा शाकाहारी असतो आणि त्याच्या पाठोपाठ गणपती येतात. नुसते सोमवार आणि श्रावण धरले तरी दिवस पाऊणशेच्या पुढे जातात. त्यात दरवर्षी १ जून ते ३१ जुलै मासळीच्या विणीच्या हंगामासाठी यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, म्हणजे पावसाळी सहलीला जाणाऱ्यांच्या ताटात ताजी मासळी तशीही कमीच. गंमत अशी की नारळी पौर्णिमेला नारळ वाहून होड्या पुन्हा समुद्रात लोटतात, तेव्हा किनाऱ्यावरच्या कित्येक घरांत श्रावण चालू असतो.

एवढे दिवस ही माणसं दही-भातावर काढत नाहीत. काळ्या वाटाण्याचं सांबार आणि वडे, ओल्या काजूगरांची उसळ, कोवळ्या फणसाची भाजी, केळफूल, वालाचं बिरडं, कुळथाची पिठी, अळूचं फदफदं, आंबोळ्या, घावन, नारळाच्या गोड रसातले शिरवाळे. सुरमईला लावतात तसाच मसाला आणि रवा लावून तव्यावर परतलेले सुरणाचे किंवा नीरफणसाचे काप असतात, आणि ते पानात आले की मासे खाणारेही हात पुढे करतात. कोंबडीच्या रश्शाला जे भाजक्या कांदा-खोबऱ्याचं वाटण लागतं, तेच काळ्या वाटाण्यालाही लागतं. मालवणी मसाल्यात मिरच्या, धणे, बडीशेप आणि बाकीचा गरम मसाला असतो. प्राणिज त्यात काही नाही. चव त्या वाटणात आणि मसाल्यात आहे, त्यामुळे शाकाहारी पाहुण्याची 'खरी मालवणी चव' चुकते असंही म्हणता येत नाही.

पनीर मात्र या स्वयंपाकघराचं नव्हे. ते पर्यटकांसाठी येतं, बहुतेकदा फ्रीझरमधून, आणि कुठल्याही हायवेवर मिळेल अशा लाल ग्रेव्हीत बुडतं. त्याचा दोष घरमालकिणीला देऊ नये. "व्हेजमध्ये काय मिळेल?" असं विचारलं की पनीर, मिक्स व्हेज, दाल फ्राय हेच उत्तर येणार, कारण शहरातल्या माणसाला हेच हवं असतं असा तिचा अनुभव आहे. त्याऐवजी "काकू, तुमच्याकडे सोमवारी काय असतं?" असं विचारून पाहा. बहुतेक वेळा यादी लांबत जाते.

फक्त हे आदल्या दिवशी विचारावं लागतं. काळे वाटाणे रात्रभर भिजल्याशिवाय शिजत नाहीत. वाल भिजवायचे, मोड आणायचे आणि एकेक सोलायचे, म्हणजे बिरड्याला दोन दिवस गेले. ओले काजूगर साधारण फेब्रुवारी ते एप्रिल मिळतात. एरवी सुकवलेले भिजत घालावे लागतात. मासा सकाळी आणला की दुपारी ताटात येतो. म्हणजे शाकाहाऱ्याचं जेवण ऐन वेळी होतं आणि माशांचं आधी सांगावं लागतं, हा हिशेब कोकणात बरोबर उलटा आहे. दुपारी एक वाजता गाडीतून उतरून "एक व्हेज पण आहे हां" म्हटलं, तर पनीरच येणार.

"तुकडे बाजूला काढले की झालं." हा समज सगळ्यात जुना, आणि तो बाळगणारी माणसं प्रेमळ असतात म्हणून जास्त अवघड. कोल्हापूरचा पांढरा रस्सा घ्या. दिसायला नारळाच्या दुधाची कढीच. पण तो उभा असतो मटण शिजवलेल्या अळणी पाण्यावर. खसखस, तीळ, नारळाचं दूध त्यात नंतर येतं. वाटीत एकही तुकडा नसला तरी तो मटणाचाच रस्सा. तांबड्याचंही तेच. "नुसता रस्सा घे ना" म्हणणारा यजमान मनापासून आग्रह करत असतो आणि पाहुणा संकोचाने वाटीकडे बघत असतो.

किनाऱ्यावर हा घोळ रश्शापेक्षा सुक्या मासळीचा जास्त. सोडे, सुकट, जवळा हे कोकणात चव आणायला भाजीत पडतात : वांग्यात सुकट, दोडक्यात कोलंबी, बिरड्यातही कोलंबी. भाजीचं नाव 'वांगं' असतं म्हणून ती शाकाहारी असेलच असं नाही. पावसाच्या सुरुवातीला येणारी शेवळं ही तर रानभाजी, पण सीकेपी आणि पाठारे प्रभू घरांत ती कोलंबीबरोबर किंवा खिम्याबरोबर होते. साधं शेवळंही होतं, पण सांगितलं तर.

रायगडच्या पोपटीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण हिवाळ्यात अलिबागकडे जाणाऱ्या ग्रुपचा रात्रीचा मुख्य कार्यक्रम तोच असतो. मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, बटाटे, कुणी वांगी घालतं, मग मसाला लावलेली कोंबडी आणि अंडी, वर पुन्हा पाला. मडकं उपडं ठेवून भोवती गवत-पेंढा पेटवायचा. पाण्याचा थेंबही घालत नाहीत. सगळं आपापल्या वाफेवर आणि रसावर शिजतं. कोंबडी केळीच्या पानात गुंडाळली आहे, त्यामुळे शेंगांना लागत नाही, असं शपथेवर सांगणारे भेटतात. बंद मडक्यात अर्धा तास एकत्र वाफवलेल्या गोष्टींबद्दल असं म्हणायला धाडस लागतं. उपाय सोपा आहे : दुसरं मडकं. वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, कणसं, एवढ्यावर पोपटी उत्तम होते, आणि पोपटीत भाव खातात त्या शेंगाच.

तेलाचं काय? सुरमई तळलेल्या तेलातच वडे आणि पापड तळायची पद्धत अनेक खाणावळींत आहे. काही शाकाहाऱ्यांना त्याचं काही वाटत नाही, काहींना ते अजिबात चालत नाही. इथे अंदाज बांधू नये, विचारावं. वडे-पापड आधी तळून घ्या आणि मासे नंतर, एवढी विनंती स्वयंपाकघरात सहज मानली जाते. कोलंबी-खेकड्याची ॲलर्जी असलेला कुणी ग्रुपमध्ये असेल तर मात्र हा आवडीनिवडीचा प्रश्न राहत नाही. तळणीच्या तेलातून त्रास होऊ शकतो, त्याच्यासाठी तेल वेगळंच हवं.

परदेशी सहलीत हाच प्रकार न दिसणाऱ्या मासळीचा होतो. थायलंडमध्ये भाज्यांच्या परतण्यातही नाम प्ला हा माशाचा सॉस असतो, जपानमधल्या साध्या मिसो सूपचा आधार बहुधा सुक्या बोनिटो माशाच्या काढ्याचा असतो. थायलंडमध्ये 'व्हेज' म्हणण्यापेक्षा 'जे' म्हणावं. लाल अक्षरांची पिवळी पताका असलेल्या त्या दुकानांत मांस, मासे, अंडी, दूध काही नसतं, आणि कांदा-लसूणही नसतो.

आता "व्हेज म्हणजे व्हेज, त्यात विचारायचं काय?" सरकारी व्याख्या स्पष्ट आहे : अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे अंडं मांसाहारी, दूध आणि मध शाकाहारी. पाकिटावर हिरव्या चौकोनात हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी. मांसाहारी खूण पूर्वी तपकिरी ठिपक्याची होती. २०२०च्या लेबलिंग नियमांनी ठिपक्याच्या जागी त्रिकोण आणला, कारण रंगांधळ्या माणसाला दोन ठिपक्यांतला फरक कळत नव्हता. पण माणसांवर ठिपका नसतो. अंडं खाणारा पण मटण न खाणारा, केक चालतो पण आमलेट नाही असा, मशरूमला नाक मुरडणारा, दूध-तूपही सोडलेला व्हीगन, हे सगळे स्वतःला शाकाहारीच म्हणतात. जैन पाहुणा असेल तर कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा ही कंदमुळं नकोत. सोलकढीतही बहुधा लसूण वाटलेली असते. त्याच्यासाठी ती आधीच वेगळी काढायला सांगावी. तो चौविहार पाळत असेल तर सूर्यास्तानंतर जेवणार नाही, आणि डिसेंबरात मालवणला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. नऊ वाजता सगळ्यांनी मिळून जेवायचा बेत त्याच्यापुरता बादच.

आडनावावरून ओळखायचा प्रयत्न करू नये. गोव्याचे सारस्वत ब्राह्मण मासे खातात, बंगालचे ब्राह्मणही खातात. उलट गळ्यात तुळशीची माळ घातलेला मराठा शेतकरी कडक शाकाहारी असतो. माळकरी होणं म्हणजेच मांस आणि दारू सोडणं. २०१४च्या नमुना नोंदणी सर्वेक्षणात १५ वर्षांवरील लोकांपैकी शाकाहारी राजस्थानात सुमारे ७५ टक्के होते, महाराष्ट्रात सुमारे ४०. दहा जणांच्या ग्रुपमध्ये 'एकच तो' निघाला, तर त्या ग्रुपमध्ये एक शाकाहारी आहे याचं नव्हे, एकच आहे याचं नवल.

एका टेबलावर बसायचं की नाही? बहुतेकांना समोर कुणी खेकडा फोडत असला तरी चालतं, थोड्यांना वास सोसत नाही. ज्याचं त्याला विचारा. न विचारता पाहुण्याला कोपऱ्यातल्या टेबलावर बसवणं हा सोवळ्याचा उलटा प्रकार झाला.

"एकासाठी एक वाटी पुरे." हा गैरसमज फारसा कुणी बोलून दाखवत नाही, पण जेवणाचा विचका सगळ्यात जास्त तोच करतो. दहा जणांत नऊ मासे खाणारे, म्हणून काजूची उसळ एका माणसापुरती सांगितली जाते. ती टेबलावर येते, आणि नऊ जण 'जरा चव बघतात'. मासे खाणारा दोन्ही खाऊ शकतो, शाकाहारी एकच. त्यामुळे संपतं ते नेहमी शाकाहाऱ्याचंच. मग त्याच्या पानात चपाती, लोणचं आणि उरलेली सोलकढी. शाकाहारी पदार्थ दहा जणांसाठीच सांगावेत आणि सुरमईचे तुकडे मोजून. पहिली वाढ पाहुण्याला, आणि उसळीचा डाव कालवणात बुडू न देणं, एवढं वाढणाऱ्याने सांभाळायचं. खर्चही वाढत नाही; उसळ पोटभर असली की माणशी दुसरा तुकडा कुणी मागत नाही.

आणि पाहुण्याचाही एक गैरसमज आहे : आपण काही मागितलं नाही की यजमानाला सोपं जातं. "माझं काही नाही हो, मी दही-भात खाईन" असं म्हणणारा पाहुणा यजमानाला रात्रभर अस्वस्थ ठेवतो. अंडं चालतं का, कांदा-लसूण चालते का, तेल वेगळं हवं का, जेवायची वेळ कुठली, हे त्याने स्वतःहून निघण्याआधी लिहून टाकावं. त्यापुढे मात्र माशांच्या काट्यांवर आणि कोंबडीच्या आत्म्यावर भाष्य करू नये. समोरच्यांनीही 'प्रोटीन कुठून मिळतं रे तुला?' हा प्रश्न घरी ठेवून यावा. समोरच्या वाटीत काळे वाटाणे आहेत.

राहता राहिली काँट्री. सगळं समान वाटून घेतलं की भांडण होत नाही, असं मानतात. समजा सुरमई थाळी ५०० रुपयांची आणि शाकाहारी थाळी २०० ची. नऊ सुरमई आणि एक शाकाहारी, बिल ४,७०० रुपये, माणशी ४७०. शाकाहारी माणूस एका जेवणामागे २७० रुपये जास्त देतो आणि बाकीच्यांचे प्रत्येकी ३० वाचतात. अशी सहा जेवणं झाली की त्याचे १,६२० रुपये जातात, आणि तो संकोचाने बोलत नाही. राहणं, गाडी, चहा-नाश्ता समान. थाळी ज्याची त्याची, म्हणजे टीटीएमएम. दारूचा हिशेब यात मिसळू नये. शाकाहारी आहे म्हणजे पीत नसेल, हाही एक समजच आहे, आणि तो पहिल्याच संध्याकाळी खोटा ठरू शकतो. माळकरी असेल तर मात्र त्याच्या वाट्यातून दोन्ही वजा करा, कोकम सरबत तेवढं धरा.