नौकेवरील निद्रा आणि आगीचा धोका

गोव्यातील मालीम, कुटबण, खारीवाडा, शापोरा आदी मासेमारी धक्क्यांवर दिवस मावळल्यानंतर एक दृश्य हमखास दृष्टीस पडते. ट्रॉलर एकमेकांना खेटून उभे असतात, एखाद्यावर भाताचे आधण चढलेले असते आणि दिवसभर राबलेले खलाशी त्याच नौकेवर अंथरूण पसरतात. यांतील बरेचसे खलाशी परराज्यांतून आलेले असतात. मासेमारीच्या हंगामात नौका हेच त्यांचे घर असते.

नौका सर्व बाजूंनी पाण्याने वेढलेली असल्यामुळे तिला आगीचे भय नाही, असा एक समज रूढ आहे. वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे. घराला आग लागल्यास माणूस मागच्या दाराने अथवा खिडकीतून बाहेर पडू शकतो. नौकेच्या केबिनला किंवा तळाच्या खणाला बहुधा एकच वाट असते. आणि इंजिन, शेगडी व बॅटरी या आग लागण्याच्या जागा नेमक्या त्याच वाटेवर असतात. झोपलेला माणूस आणि मोकळी हवा यांच्यामध्ये आग उभी राहते, हा नौकेवरील खरा धोका होय.

ज्वाळेआधी धूर

लाकूड, फायबर, डिझेल, नायलॉनची जाळी, दोरखंड हे सारे ज्वालाग्राही पदार्थ नौकेवर एकत्र नांदत असतात. नायलॉन व फायबर जळू लागले की दाट, काळा आणि विषारी धूर निर्माण होतो. लहानशा केबिनमध्ये तो अल्पावधीत भरतो. अशा धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही आणि वासही नाही. गाढ झोपेत घ्राणेंद्रियावर विसंबता येत नाही. त्यामुळे धुराच्या वासाने जाग येईलच असे नाही. पुष्कळदा ज्वाळा अंगापर्यंत पोहोचण्यापूर्वीच माणूस बेशुद्ध झालेला असतो. बंदिस्त जागी जनित्र किंवा कोळशाची शेगडी चालू ठेवून झोपल्यास आग न लागताही हाच वायू प्राण घेतो.

स्वयंपाकाच्या गॅसचा विचार वेगळा करावा लागतो. हा वायू हवेपेक्षा जड असतो. घरात तो दारावाटे काही अंशी बाहेर जाऊ शकतो. नौकेत मात्र तो खाली उतरून तळाशी साचतो. तेथून त्याला बाहेर पडण्यास मार्ग नसतो. रात्री गळालेला गॅस पहाटे इंजिन सुरू करताना उडालेल्या एका ठिणगीने पेट घेऊ शकतो.

एका दुर्घटनेचा धडा

२ सप्टेंबर २०१९ रोजी पहाटे अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ नांगरलेल्या 'कन्सेप्शन' या नौकेस आग लागली. नौकेवर ३९ माणसे होती. तळाच्या शयनकक्षात झोपलेले ३३ प्रवासी व १ कर्मचारी असे ३४ जण मृत्युमुखी पडले. वरच्या मजल्यावर झोपलेले ५ कर्मचारी तेवढे बचावले. शयनकक्षाला जिना आणि संकटकालीन झरोका अशा दोन वाटा होत्या. परंतु दोन्ही वाटा वरच्या एकाच दालनात उघडत होत्या आणि आग त्याच दालनात लागलेली होती. नियमानुसार रात्री गस्त घालणारा जागा माणूस असावयास हवा होता, तो नव्हता. कर्तव्यात कसूर केल्याबद्दल नौकेच्या कप्तानास २०२४ मध्ये ४ वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली.

आपल्या देशातही नोव्हेंबर २०२३ मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरात पहाटे लागलेल्या आगीत हाऊसबोटी जळून ३ पर्यटक दगावले. त्याच महिन्यात विशाखापट्टणमच्या मासेमारी बंदरात रात्री लागलेली आग एका नौकेवरून दुसरीवर पसरत गेली आणि सुमारे ४० नौकांची हानी झाली. खेटून उभ्या असलेल्या नौकांत एकाची चूक सर्वांना भोवते.

घ्यावयाची दक्षता

१. झोपण्याच्या जागेस दोन वाटा असाव्यात आणि त्या वेगवेगळ्या ठिकाणी उघडाव्यात. वाटेवर जाळी, टोपल्या वा बर्फाच्या पेट्या ठेवू नयेत. झोपताना दार बाहेरून बंद करू नये.

२. रात्री पाळीपाळीने एकाने जागे राहावे. धक्क्यावर अनेक नौकांनी मिळून एक राखणदार नेमल्यास खर्च अल्प येतो.

३. गॅस सिलिंडर उघड्या डेकवर, सावलीत व पक्का बांधून ठेवावा. स्वयंपाक आटोपताच रेग्युलेटर बंद करावा. रबरी नळीला चिरा पडताच ती बदलावी. वास आल्यास काडी ओढू नये आणि विजेचे बटणही दाबू नये.

४. झोपण्याच्या जागी धूम्रपान, पेटती मेणबत्ती व मच्छर अगरबत्ती वर्ज्य समजावी. भ्रमणध्वनी अंथरुणात ठेवून चार्ज करू नये.

५. पेटलेल्या डिझेलवर पाणी ओतू नये. डिझेल पाण्यावर तरंगते आणि आग पसरते. त्यासाठी कोरड्या भुकटीचे अग्निशामक यंत्र वाटेजवळ टांगलेले असावे. जीवरक्षक जाकिटे उशाशी असावीत.

६. धूर दिसताच ओरडून सर्वांना जागे करावे व ओणवे होऊन बाहेर पडावे. सामानासाठी पुन्हा आत जाऊ नये. समुद्रात तटरक्षक दलाचा १५५४ आणि धक्क्यावर अग्निशामक दलाचा १०१ हे क्रमांक केबिनमध्ये ठळक लिहून ठेवावेत.

जबाबदारी कोणाची?

नौकेत दुसरी वाट काढणे हे मालकाचे काम आहे, तर ती मोकळी ठेवणे हे तांडेलाचे. हंगामासाठी नव्याने आलेल्या खलाशास या सूचना त्याला समजेल अशा भाषेत, हिंदी, कन्नड वा ओडियात, पहिल्याच दिवशी सांगितल्या पाहिजेत. मच्छीमार वस्तीतील शिक्षकांनी मुलांना त्या समजावून दिल्यास त्या घरोघरी पोहोचतील.

पावसाळी मासेमारीबंदी ३१ जुलै रोजी संपते. त्यापूर्वी प्रत्येक तांडेलाने एका रात्री दिवे मालवून सर्व खलाशांना झोपण्याच्या जागेतून केवळ हाताने चाचपडत बाहेर येण्यास सांगावे. ज्याला वाट सापडणार नाही त्याला ती तेव्हाच दाखवून देता येईल. धूर भरल्यानंतर दाखविण्यास वेळ उरत नाही.