पाचवीची रात्र आणि मिनिटाचे श्वास

पाचव्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते, असं आपल्याकडे मानतात. म्हणून पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, दिवा विझू द्यायचा नाही, घरातल्या बायांनी जागायचं. १९८९ च्या पावसाळ्यात कोरपन्याच्या आमच्या भाड्याच्या घरात ही पूजा झाली, तेव्हा लेखणी म्हणून मी बँकेचं बॉलपेन पुढे केलं. सासूबाईंनी ते दोन बोटांत धरून परत दिलं. "याने तुम्ही कर्जाच्या नोटिसा लिहिता. लेकीचं नशीब याने लिहायचं?" शेवटी शेजारच्या हेडमास्तरांचं शाईचं पेन आलं.

कोरपना चंद्रपूरपासून पन्नासएक किलोमीटर. राजुरा आणि गडचांदूर मागे टाकलं की कापसाची शेतं, सिमेंटच्या कारखान्यांचा धूर, आणि पलीकडे आदिलाबादची हद्द. १९५६ पर्यंत हा मुलूख हैदराबाद राज्यात होता. त्यामुळे बाजारात मराठीच्या बरोबरीने तेलुगू चालायची, आणि डोंगराकडून येणारे कोलाम आणि गोंड आपसांत आपापल्या भाषेत बोलायचे. आमचं हे दुसरं बाळ. बाळंतपण चंद्रपूरच्या दवाखान्यात झालं. तिसऱ्या दिवशी जीप करून घरी आलो आणि त्याच रात्री राजुऱ्याजवळच्या वर्धेच्या पुलावर पाणी चढलं. चंद्रपूरचा रस्ता बंद. थोरला साडेचार वर्षांचा. त्याने बहिणीकडे पाहून एवढंच विचारलं, "पाणी उतरलं की हिला परत द्यायचं ना?"

दुपटी वाळत नव्हती. शेगडीवर टोपली उपडी घालून त्यावर ती वाळवायची, त्यामुळे सगळ्या घराला ओव्याच्या धुरीचा आणि ओल्या कापडाचा मिळून एक वास आला होता. तो माझ्या शर्टांनाही लागला. कॅशियर एकदा अदबीने म्हणाला, "साहेब, आज काउंटरवर बाळंतिणीची खोली आल्यासारखं वाटते."

सहाव्या रात्री बाळ रडायला लागलं ते थांबेना. वेखंड झालं, पोटावर हिंग झाला, मीठ-मिरची ओवाळून झाली. दीड वाजता हेडमास्तरीणबाई आल्या, पाठोपाठ समोरच्या कापडदुकानदाराची आई. त्यांचं तेलुगू आम्हाला कळेना आणि आमची मराठी त्यांना, तरी पोटदुखी आहे यावर सर्वांचं एकमत झालं. कपडे धुवायला येणारी बाई त्या पावसात ओसरीवरच झोपली होती. ती उठून आली, कुणाला काही न विचारता तिने बाळाची कुंची काढली आणि दिव्याशी धरली. आत एक लाल मुंगी.

"लेकरू भुकेचं नाई रडून रायलं, त्याले टोचून रायलं," असं म्हणून ती परत जाऊन झोपली.

वजनाची गंमत वेगळीच. दवाखान्याची चिठ्ठी पावसात भिजून वजनाचा आकडा पुसला गेला होता, आणि सासूबाईंना तो हवाच होता. दहाव्या दिवशी उघडीप मिळाली तेव्हा बाळाला किराणा दुकानात नेलं. शेटजींनी तराजू पुसला, नमस्कार केला, एका पारड्यात दुपट्यासकट मुलगी आणि दुसऱ्यात मापं. दुपट्याचं वजन वेगळं करून वजा केलं. "दोन किलो तीनशे," ते म्हणाले, साखरेचं सांगावं तसं. तेवढ्यात मुलीने पारडं ओलं केलं. शेटजी म्हणाले, "आता दोन किलो दोनशे धरा."

आम्ही हसत घरी आलो. अडीच किलोच्या आतलं बाळ कमी वजनाचं धरतात आणि अशा बाळाला पहिले दिवस फार जपावं लागतं, हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलेलं नव्हतं.

त्याच रात्री बाळाचा श्वास वाजू लागला. सासूबाई कंदील जवळ घेऊन म्हणाल्या, "पोट उडतंय हिचं." पूल अजून पाण्याखालीच होता. शिपाई सायकलवरून जाऊन नर्सबाईंना घेऊन आला. त्यांनी माझ्या हातातलं एचएमटीचं घड्याळ मागून घेतलं, बाळाच्या पोटावरचं कापड बाजूला केलं आणि सगळ्यांना गप्प बसवलं. आयुष्यात मी पुष्कळ मोजणी पाहिली, केली. इतकी लांब मिनिट पाहिली नाही. "अठ्ठेचाळीस. नाक चोंदलंय, बाकी काही नाही." बायको रडायला लागली, ती तेव्हा.

सकाळी धुणं घेताना त्या बाईने रात्रीची चौकशी केली. बायकोने सहज विचारलं, तुला मुलं किती? "दोन." आणि पुन्हा पिळे घालत म्हणाली, "झाले पाच." तिसरं कसं गेलं ते तिने सांगितलं : आठव्या दिवशी पोट उडायला लागलं, दूध सोडलं, संध्याकाळी गेलं. मोजायला कुणी नव्हतं. त्या तीन मुलांपैकी एकाचंही नाव कुठल्या सरकारी वहीत चढलं असेल असं मला वाटत नाही.

योगायोग असा, की त्याच सुमारास वैनगंगेपलीकडे कुणी तरी नेमकी हीच मोजणी गावोगाव पोचवत होतं. १९८२ साली चंद्रपुरातून फुटून गडचिरोली जिल्हा झाला होता. तिथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून 'सर्च'चं काम मांडलं. लहान मुलांच्या मृत्यूंत न्यूमोनियाचा वाटा मोठा, आणि न्यूमोनिया ओळखायची खूण म्हणजे मिनिटाचे श्वास. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे साठ किंवा जास्त झाले, की धोका. पण ज्या दाईला अंक येत नाहीत तिने साठ मोजायचे कसे? त्यासाठी त्यांनी मण्यांचं एक साधन केलं. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर औषध सुरू. बँकेत नोटा मोजण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला याहून सुंदर हिशेब सांगता यायचा नाही.

पुढे त्यांनी गावातल्याच बायांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळाचं वजन करणं, त्याला उबेत ठेवणं, श्वास अडला तर काय करायचं, जंतुसंसर्ग झाला तर इंजेक्शन देणं, हे सगळं घरच्या घरी. एकोणचाळीस गावांत हा प्रयोग झाला. तिथे हजार जन्मांमागे बासष्ट बाळं पहिल्या महिन्यात जात. १९९७-९८ साली हा आकडा पंचवीसच्या आसपास आला. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. आणि २००१ साली 'कोवळी पानगळ' हा अहवाल आला, त्यात महाराष्ट्रातले किती तरी बालमृत्यू सरकारी दप्तरात पोचतच नाहीत असं दाखवलेलं होतं. तो वाचताना मला त्या बाईचं "झाले पाच" आठवलं.

नवजात बाळांचे जे मृत्यू होतात, त्यांतले सुमारे तीन-चतुर्थांश पहिल्या आठवड्यात होतात. म्हणजे पाचव्या रात्री दिवा लावून जागणाऱ्या आपल्या आज्या-पणज्या काही उगाच घाबरत नव्हत्या. भीती नेमकी होती. हातात साधन नव्हतं.

२०११ पासून ही घरपोच काळजी देशभर 'आशा' ताईंकडे आली. दवाखान्यात बाळंतपण झालं असलं तरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जायचं. या सगळ्या भेटी पुऱ्या केल्या की त्यांचे मिळून अडीचशे रुपये ठरले. मी व्याजाचे दर ठरवणाऱ्यांत कधी नव्हतो, पण हा दर ठरवणाऱ्याने एकदा तरी पावसाळ्यात चिखल तुडवत डोंगरपायथ्याच्या गुड्यावर जाऊन यावं, असं वाटतं.

गेल्या हिवाळ्यात आमच्या त्या सायकलवाल्या शिपायाला नात झाली, म्हणून कोरपन्याकडे गेलो होतो. अंगणात पोचतो तो आशाताई आलेल्या. झोळीच्या काट्याला बाळ लटकवून झालं होतं : दोन किलो सातशे. थर्मामीटर पुसून पिशवीत गेलं. मग त्यांनी बाळाचं पोट उघडं केलं, मनगटावरचं घड्याळ समोर धरलं आणि दुसरा हात वर केला. अंगणातली बोलणी थांबली. ओठ हलत होते. चाळीसच्या आसपास पोचल्या असतील, तेवढ्यात आत कुकरची शिट्टी झाली.

"थांबा जी," त्या म्हणाल्या, "पुन्हा मोजतो."

पुन्हा हात वर. या वेळी कुणी तरी आत जाऊन गॅस बंद केला. बावन्न. त्यांनी ते फॉर्मवर लिहिलं, बाळाला गुंडाळून आजीच्या मांडीवर दिलं आणि चप्पल घालता घालता म्हणाल्या, "आज सातवा झाला. चौदाव्याले येतो मी. लेकराले उघडं ठेवू नका, अन् दूध सोडलं तं रात्र असो की काही, मले फोन करा."