जुन्या स्लाइड्स : घरातली अमानत घरीच जपा

१९७० ते १९९० या काळात कापडाचा रंगीत कॅटलॉग काढायचा म्हणजे मालाचे फोटो स्लाइड-फिल्मवर घ्यावे लागत. छापखान्यात रंग वेगळे करण्यासाठी तीच फिल्म लागे. पुढे तो माल विकला गेला, कागदावरच्या आकृत्या वाळवीने खाल्ल्या, विणणारे कारागीर अल्लाहला प्यारे झाले. कित्येक घरांत हिमरू, लुगडी, चादरींचे जुने नमुने आता फक्त कपाटातल्या स्लाइडवर उरले आहेत.

या स्लाइड्सना दोन दुष्मन आहेत. एक दमट हवा : तिने बुरशी धरते. दुसरा काळ : जुन्या फिल्मचा निळसर रंग आधी उडतो आणि चित्र तांबडे दिसू लागते. म्हणून हे काम लांबणीवर टाकू नये. बाहेर दिल्यास नमुना फुटण्याची धास्ती असते, तेव्हा ते घरीच करणे बरे.

यासाठी फिल्मचा स्कॅनर हवा. कागदाच्या साध्या स्कॅनरमध्ये फिल्मच्या मागून प्रकाश येत नाही, त्यामुळे तो इथे कामाचा नाही. ३५ मि.मी. स्लाइडचे चित्र अवघे ३६ बाय २४ मि.मी. असते. इंचाला २४०० बिंदू धरले तर सुमारे ७७ लाख बिंदूंचे चित्र मिळते. ४००० धरले तर सुमारे २ कोटी १४ लाख, आणि छपाई १९ बाय साडेबारा इंचांपर्यंत स्वच्छ येते. विणीचे बारकावे पाहायचे तर ४००० धरावेत. मात्र खोक्यावर छापलेला आकडा आणि प्रत्यक्ष मिळणारा बारकावा यांत फरक असतो. खरेदीपूर्वी एक स्लाइड स्कॅन करून पाहावी.

धूळ हवेच्या फुग्याने उडवावी. बुरशीला पाणी लावू नये. फिल्मवरचा थर विरघळतो. काही स्कॅनर अवरक्त किरणांनी धूळ ओळखून पुसतात, पण कोडॅक्रोम फिल्मवर ही सोय नीट चालत नाही आणि चांदीच्या कृष्णधवल फिल्मवर चालतच नाही.

मूळ प्रत टिफमध्ये ठेवावी. १६ बिटची एक फाइल सुमारे १२८ एमबी होते. गिऱ्हाईकाला पाठवायला जेपेग पुरे. प्रती दोन कराव्यात, एक दुसऱ्या जागी ठेवावी. स्लाइड फेकू नये. सुक्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावी. रंग जुळवताना केवळ पडद्यावर भिस्त ठेवू नये. जुन्या कापडाची चिंधी, सुताची लडी सापडली तर तीच खरी कसोटी.

शेवटी, प्रत्येक फाइलला माल, गाव, साल आणि माहीत असल्यास कारागिराचे नाव द्यावे. नमुना पुन्हा विणला जाईल, त्याची कमाईही होईल. पण ज्याच्या हातचा तो हुन्नर, त्याचे नाव आज लिहिले नाही तर उद्या सांगणारा कोणी उरणार नाही.