पॅराग्लायडरच्या उड्डाणसुरक्षा-चाचण्या आणि अनुभवी वैमानिकाची हाताळणी

विमानाचा पंख धातूच्या किंवा लाकडाच्या सांगाड्यावर उभा असतो. पॅराग्लायडरच्या पंखाला सांगाडा नसतो. त्याच्या पुढच्या कडेवरील छिद्रांतून आत शिरलेली हवाच त्याला आकार देते. अमेरिकेत डॉमिना जॅलबर्ट याने १९६४ मध्ये हवेने फुगणाऱ्या कापडी पंखाची कल्पना सिद्ध केली, आणि १९७८ च्या जून महिन्यात फ्रान्समधील म्यूसी या गावी तीन छत्रीधारी उड्डाणपटूंनी डोंगरउतारावरून धावत जाऊन उड्डाण केले, तेव्हा या पंखाला आजचा उपयोग लाभला. पुढील काळात पंखांची गती व सरकण्याची क्षमता झपाट्याने वाढली. आकार टिकवण्याचे साधन मात्र हवेचा दाब हेच राहिले. पॅराग्लायडरच्या सुरक्षेचा विचार या मूलभूत गोष्टीपासूनच सुरू करावा लागतो.

पंखांच्या चाचण्या करून त्यांना ए, बी, सी, डी अशा श्रेणी देण्याची पद्धत आता सर्वत्र रूढ झाली आहे. नवशिक्याला श्रेणीचा अर्थ शिक्षक सांगतो. अनुभवी वैमानिक तो स्वतःच लावतो, आणि धोका बहुधा तेथेच निर्माण होतो. चाचणी नेमक्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते व कोणत्या प्रश्नाचे देत नाही, हे स्पष्ट झाल्याशिवाय सुरक्षित हाताळणीची चर्चा अपुरी राहते.

१. पंखाच्या आकाराचे बलविज्ञान

दर सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर, हा पॅराग्लायडरचा सर्वसाधारण वेग होय. हवेची घनता घनमीटरला १.२ किलोग्रॅम धरली, तर गतिजन्य दाब सुमारे ६० पास्कल येतो. पाण्याच्या स्तंभात मोजल्यास हा दाब अवघा ६ मिलिमीटर भरतो. एवढ्याशा दाबावर पंखाचा आकार आणि वैमानिकाचा जीव अवलंबून असतो.

पंखाची जीवा व समोरून येणारी हवा यांमधील कोनाला आपातकोन म्हणतात. हा कोन फार कमी झाला तर हवा पुढच्या कडेवर वरून आदळते व कड आत दुमडते. तो फार वाढला तर वरच्या पृष्ठावरील प्रवाह पृष्ठापासून सुटतो व उत्थापक बल कोसळते. या दुसऱ्या अवस्थेस स्टॉल म्हणतात. पॅराग्लायडरचे सारे उड्डाण या दोन सीमांच्या दरम्यान चालते.

दर सेकंदाला २ मीटर वेगाने खाली येणारा वारा लागला, तर १० मीटर वेगाने जाणाऱ्या पंखाचा आपातकोन सुमारे ११ अंशांनी घटतो. गतिवर्धक दाबून वेग १५ मीटर केला, तर त्याच वाऱ्याने कोन सुमारे साडेसात अंशच घटतो. यावरून वेगवान पंख अधिक सुरक्षित असतो असा समज होण्याचा संभव आहे. परंतु गतिवर्धक दाबलेल्या पंखाचा आपातकोन मुळातच लहान असतो, त्यामुळे घट सोसण्यास जागा कमी उरते. शिवाय गतिजन्य दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्याने तो २.२५ पट झालेला असतो. म्हणून वेगात पंख मिटला की त्यानंतरची घडामोड तितक्याच पटीने उग्र होते.

२. चाचणीचे स्वरूप

युरोपीय मानक ई. एन. ९२६ याचे दोन भाग आहेत. पहिला भाग पंखाच्या मजबुतीविषयी आहे. त्यात वाहनाच्या साहाय्याने पंखाला एकाएकी झटका दिला जातो, आणि कमाल वजनाच्या आठपट भार पंख पेलतो की नाही हे पाहिले जाते. दुसरा भाग उड्डाणातील वर्तनाविषयी असून पंखाची श्रेणी त्यावरून ठरते. स्वित्झर्लंडमधील व्हिलनव्ह येथे लेमान सरोवराकाठी असलेल्या ‘एअर तुर्क्वाझ’ यासारख्या संस्था या चाचण्या करतात.

चाचणी-वैमानिक पंखाच्या किमान व कमाल अशा दोन्ही अनुज्ञेय वजनांवर, स्थिर हवेत, ठरावीक क्रिया करतो, आणि त्या सर्व चित्रित केल्या जातात. अशा क्रिया वीसहून अधिक आहेत. दोऱ्या ओढून पुढची कड दुमडणे, पंखाची एक बाजू कमीअधिक प्रमाणात मिटवणे, स्टॉल व स्पिन घडवून आणणे, वेगवान सर्पिल सूर मारणे इत्यादींचा त्यांत समावेश होतो. यांतील बहुतेक ठिकाणी विकृती घडवून आणल्यावर वैमानिक हस्तक्षेप थांबवतो आणि पंख आपणहून पूर्वस्थितीत कसा येतो याची नोंद घेतो.

पुढची कड दुमडल्यावर पंख ३ सेकंदांच्या आत आपोआप सावरला तर त्या मोजमापात ए, आणि ३ ते ५ सेकंद लागले तर बी अशी नोंद होते. सावरताना पंख पुढे झेपावतो, तो कोन ३० अंशांपर्यंत असल्यास ए व ३० ते ६० अंशांत असल्यास बी गणला जातो. सर्पिल सुरातून नियंत्रण सोडल्यावर ७२० अंश वळण्याच्या आत सामान्य उड्डाण सुरू झाले तर ए, आणि ७२० ते १०८० अंश लागले तर बी. पंखाची अंतिम श्रेणी या सर्व नोंदींची सरासरी नसते. सर्वांत वाईट नोंद हीच पंखाची श्रेणी होय. त्यामुळे एकाच क्रियेत कठोर व इतर सर्व बाबतींत सौम्य असलेला पंख आणि सर्वच बाबतींत कठोर असलेला पंख हे एकाच अक्षराखाली येऊ शकतात. अनुभवी वैमानिकाने म्हणूनच अक्षरावर न थांबता संपूर्ण अहवाल, ओळीमागून ओळ, वाचणे अगत्याचे आहे.

३. चाचणी व प्रत्यक्ष उड्डाण यांतील अंतर

चाचणीचे मोल तिच्या पुनरावृत्तिक्षमतेत आहे, आणि तिची मर्यादाही तेथेच आहे. दोन पंखांची तुलना करता यावी यासाठी विकृती एकसारखी असावी लागते. निसर्गातील विकृती मात्र एकसारखी नसते. चाचणीत दुमड दोऱ्या ओढून, स्थिर हवेत व ठरावीक रेषेवर घडवली जाते. उष्ण हवेच्या ऊर्ध्वप्रवाहाच्या काठावर मिटणारा पंख त्याच वेळी डोलत असतो, झुकलेला असतो, आणि सावरताना त्याला मिळणारी हवाही खवळलेली असते. दोऱ्यांच्या दोनच रांगा असलेल्या आधुनिक पंखांत मूळ दोऱ्या ओढून अशी दुमड घडवणे कठीण जाते. म्हणून चाचणीपुरत्या पुढे जास्तीच्या दोऱ्या बसवण्यास आधी डी व अलीकडच्या सुधारणेनंतर सी श्रेणीतही परवानगी मिळाली आहे. अशा पंखाचा अहवाल वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

दुसरे अंतर भाराचे आहे. पंखाचा वेग भाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. एकूण वजन ९० किलोग्रॅमवरून १०० किलोग्रॅम केले तर वेग सुमारे साडेपाच टक्क्यांनी आणि गतिजन्य दाब ११ टक्क्यांनी वाढतो. जड भाराचा पंख अधिक ताठ राहतो व कमी वेळा मिटतो. पण मिटला तर अधिक जोराने वळतो.

तिसरे अंतर उंचीचे. समुद्रसपाटीवर हवेची घनता घनमीटरला १.२२५ किलोग्रॅम असते, तर ४००० मीटर उंचीवर ती सुमारे ०.८२ राहते. तेवढाच भार पेलण्यासाठी पंखाला तेथे सुमारे २२ टक्के अधिक वेगाने जावे लागते. २०१५ मध्ये जागतिक चषकाची स्पर्धा झालेल्या हिमाचल प्रदेशातील बीर-बिलिंग येथे धौलाधारच्या उंच कड्यांवर उडणाऱ्या वैमानिकाला हा फरक प्रकर्षाने जाणवतो. सह्याद्रीत, कामशेतजवळच्या टेकड्यांवर, अडचण वेगळी असते. तेथे हवा दाट असते, पण वैमानिक पुष्कळदा उतारापासून थोड्याच उंचीवर तरंगत असतो, आणि सावरण्यास लागणारी उंचीच त्याच्यापाशी नसते.

या अंतराची किंमत २०११ मध्ये स्पेनमधील पिएद्राइता येथे कळून आली. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत दोन वैमानिक मृत्युमुखी पडले आणि स्पर्धा थांबवावी लागली. वर्तनाच्या श्रेणीविना खुल्या वर्गात उडणाऱ्या पंखांना आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाने त्यानंतर प्रथम श्रेणीच्या स्पर्धांत बंदी केली. तेथे उडणारे वैमानिक जगातील निवडक होते; कौशल्याची उणीव हे कारण पुढे करता येत नव्हते. पंखाची उग्रता एका मर्यादेपलीकडे गेली की सावरण्यास लागणारा वेळ मानवी प्रतिक्रियेला पुरत नाही, हाच त्या घटनेचा बोध होय.

४. सुरक्षित हाताळणीची तत्त्वे

श्रेणी निष्क्रिय वैमानिकाच्या हाताखालील पंखाविषयी बोलते. सक्रिय वैमानिक तो निष्कर्ष सुधारू शकतो, तसाच बिघडवूही शकतो. अनुभवी वैमानिकांच्या बाबतीत न्यून हस्तक्षेपापेक्षा अतिहस्तक्षेपच अधिक घातक ठरतो.

पंखाची एक बाजू मिटली की त्या बाजूची ओढ वाढते, वैमानिकाचे वजन तिकडे कलते आणि पंख तिकडेच वळतो. प्रथम गतिवर्धक सोडावा. नंतर उघड्या बाजूस शरीराचा भार द्यावा आणि दिशा राखण्यापुरताच ब्रेक ओढावा. मिटलेली बाजू उघडण्याचा प्रयत्न त्यानंतर करावयाचा. हा क्रम उलटा झाला, किंवा घाबरून उघड्या बाजूचा ब्रेक खोल ओढला गेला, तर पंखाची जी बाजू अद्याप उडत असते तीच स्टॉल होते. साधी दुमड अशा रीतीने स्पिनमध्ये बदलते. सावरण्यासाठी उचललेल्या हातानेच अपघात घडवला असे मग म्हणावे लागते. टोकाचे कापड दोऱ्यांत अडकल्यास आधी दिशा सांभाळावी. टोकाची दोरी ओढूनही ते सुटले नाही आणि वळण आवरेनासे झाले, तर राखीव छत्रीचा निर्णय विनाविलंब घ्यावा.

पूर्ण स्टॉलमधून बाहेर येताना ब्रेक केव्हा सोडला यावर सारे अवलंबून असते. पंख वैमानिकाच्या मागे असताना ब्रेक सोडले तर तो प्रचंड झेप घेऊन पुढे जातो. म्हणून हात अर्धवट वर घेऊन पंख डोक्यावर स्थिरावू द्यावा आणि मगच ब्रेक पूर्ण सोडावेत. सर्पिल सुरातही ऊर्जा एकदम टाकून चालत नाही. सेकंदाला २० मीटर वेगाने १३ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरणाऱ्या वैमानिकावर केंद्राभिसारी त्वरणच गुरुत्वाच्या तिपटीहून अधिक असते, व अशा भाराखाली शुद्ध हरपू शकते. बाहेरच्या बाजूस भार व हलका ब्रेक देत, दोनतीन वळणांत वेग उतरवणे हाच योग्य मार्ग होय.

गतिवर्धक दाबलेल्या दोनरांगी पंखावर ब्रेक ओढणे अनुचित ठरते, कारण त्यामुळे मागची कड तेवढी खाली वाकून पंखाचा काटछेद बिघडतो. तेथे मागील पट्ट्यांनी, संपूर्ण पंखाचा आपातकोन बदलूनच नियंत्रण करतात. या सर्व क्रिया सरोवरावर, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, बचाव-नौका सज्ज ठेवून शिकल्या जातात. पंख बदलला की त्यांची उजळणीही नव्याने करावी लागते.

५. पंखाचे वय व राखीव छत्री

श्रेणी मिळते ती नव्या पंखाला. वापरातील पंख मात्र बदलत जातो. मागील रांगांतील कमी ताण सोसणाऱ्या दोऱ्या काळाबरोबर आखडतात. मागील व पुढील दोऱ्यांत सुमारे १.६ मीटर अंतर धरले, तर २ सेंटिमीटरच्या आखडण्याने आपातकोन सुमारे ०.७ अंशाने वाढतो. पंख मंद होतो व स्टॉलच्या सीमेकडे सरकतो. कापडाची हवा रोखण्याची क्षमताही घटते. दोऱ्यांची लांबी, त्यांची ताकद आणि कापडाची सच्छिद्रता यांची निर्मात्याने सांगितलेल्या मुदतीत तपासणी करणे म्हणूनच आवश्यक ठरते. तसे न केल्यास वैमानिक अहवालातील पंखावर उडत नसून दुसऱ्याच एखाद्या पंखावर उडत असतो.

राखीव छत्रीसाठीच्या ई. एन. १२४९१ या मानकानुसार तिचा उतरण्याचा वेग सेकंदाला ५.५ मीटरपेक्षा अधिक असता कामा नये. हा आघात सुमारे दीड मीटर उंचीवरून मारलेल्या उडीएवढा असतो. परंतु सेकंदाला २० मीटर वेगाने खाली जात असताना निर्णयास ३ सेकंद लावले, तर ६० मीटर उंची व्यर्थ जाते. कोणत्या उंचीखाली सावरण्याचा प्रयत्न सोडावयाचा, हे म्हणून जमिनीवर असतानाच ठरलेले असावे.

६. समारोप

ए श्रेणीचे वर्णन सर्व वैमानिकांना, शिकाऊंनाही, योग्य असे केले जाते. डी श्रेणीचा पंख वादळी हवेत व वैमानिकाच्या चुकीवर उग्र प्रतिसाद देऊ शकतो, आणि त्यातून सावरण्यास अचूक हस्तक्षेप लागतो, हे मानकच सांगते. वरच्या श्रेणीकडे जाणे हा प्रगतीचा पुरावा मानण्याची प्रवृत्ती या खेळात बळावलेली आहे. वस्तुतः प्रत्येक पायरीवर पंखाने आपणहून करावयाच्या कामाचा काही भाग वैमानिकाच्या हाती सोपवला जातो. तो भाग थकलेल्या अवस्थेत, अनपेक्षित क्षणी आणि जमिनीजवळही पार पाडता येईल काय, या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही चाचणीगृहात मिळत नाही. चाचणी पंखाची होते. वैमानिकाची चाचणी प्रत्येक उड्डाणात नव्याने होत असते.