सापांची ओळख : भीती नको, बेपर्वाईही नको

पावसाळ्यात सापांच्या बिळांत पाणी शिरते आणि ते कोरड्या जागेच्या शोधात बाहेर पडतात. नेमके त्याच दिवसांत शेतीची कामे जोरात असतात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाच्या अंदाजानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने दगावली. त्यांतील जवळजवळ निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या महिन्यांतले होते. मरणारे बहुतांशी खेड्यापाड्यांतले, शेतात राबणारे लोक. म्हणूनच प्रत्येक घरात ही माहिती असावी, असे आम्हांस वाटते.

आपल्याकडील बहुतेक साप बिनविषारी आहेत. माणसाच्या मृत्यूस मुख्यतः चार साप कारण ठरतात : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. सह्याद्रीच्या जंगलातील चापडा आणि समुद्रातील साप हेही विषारीच. पण शेतात व घराभोवती गाठ पडते ती बहुधा या चौघांशी.

नाग फणा काढतो, म्हणून सहज ओळखू येतो. फणा न काढलेला नाग आणि धामण यांत मात्र गल्लत होते. धामण लांबलचक, चपळ, मोठ्या डोळ्यांची असते. तिच्या ओठांवर काळ्या उभ्या रेघा दिसतात. ती उंदीर खाते, म्हणजे शेतकऱ्याची मित्रच. तरीही दरवर्षी कितीतरी धामणी नाग समजून मारल्या जातात.

मण्यार काळसर, चकचकीत असते. तिच्या अंगावरील पांढरे पट्टे बहुधा जोडीजोडीने असतात. ते डोक्यापासून काही अंतरावर सुरू होऊन शेपटीकडे ठळक होत जातात. बिनविषारी कवड्याचे पट्टे उलट मानेजवळ ठळक व शेपटीकडे पुसट असतात. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश फारसा दुखत नाही, कित्येकदा खूणही दिसत नाही. पहाटे पोटात कळा आल्या, पापण्या जड झाल्या, तर अपचन समजून वेळ दवडू नये.

घोणस हा जाड अंगाचा साप. त्याच्या पाठीवर साखळीसारख्या ठिपक्यांच्या तीन रांगा असतात आणि तो कुकरच्या शिटीसारखा मोठा फुत्कार टाकतो. डुरक्या घोणस नावाने त्याचा भाऊ वाटतो, पण तो बिनविषारी. त्याचे ठिपके वेडेवाकडे आणि शेपूट आखूड असते. फुरसे जेमतेम हात-दीड हाताचे. त्याच्या डोक्यावर बाणासारखी खूण असते आणि ते अंगाचे खवले घासून करवतीसारखा आवाज करते. कोकणात ते विशेष आढळते.

विषारी सापाचे डोके त्रिकोणी असते, हा समज अपुरा आहे. नाग आणि मण्यार यांचे डोके तसे नसते. शिवाय रंग बदलतात, अंधारात खुणा दिसत नाहीत. म्हणून आमचे सांगणे एवढेच, की ही ओळख दंश टाळण्यासाठी आहे; दंश झाल्यावर दवाखान्यात जायचे की नाही हे ठरवण्यासाठी नव्हे. कोणताही साप चावला तरी रुग्णालय गाठलेच पाहिजे.

दंश झाल्यास माणसाला धीर द्यावा, अंगठी-बांगड्या काढाव्यात, चावलेला हात किंवा पाय फळीच्या आधाराने स्थिर ठेवावा. जखम कापू नये, चोखू नये, दोरीने आवळू नये. साप पकडण्यात वेळ घालवू नये. वरील चारही सापांच्या विषावर एकच प्रतिविष चालते. ते शासकीय रुग्णालयांतून दिले जाते. मांत्रिकाने उतरवलेले विष हे बहुधा बिनविषारी सापाचे किंवा विष न सोडलेल्या दंशाचे असते! सर्पदंशाच्या रोग्याला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

रात्री बाहेर पडताना बॅटरी घ्यावी, शेतात बूट घालावेत, जमिनीवर झोपणे टाळावे. ते शक्य नसेल तर मच्छरदाणी गादीखाली नीट खोचावी. घराभोवती दगडविटांचे ढीग साचू देऊ नयेत. साप दिसला तर दूर उभे राहून त्याला वाट द्यावी. घरात शिरला तर जाणकार सर्पमित्राला बोलवावे. विद्यार्थी मित्रांनो, ही माहिती आपल्या घरी आई-वडिलांना व आजी-आजोबांना वाचून दाखवा. वेळेवर गाठलेल्या दवाखान्याने एक जरी जीव वाचला, तरी आमच्या लिहिण्याचे सार्थक झाले.